हंसा आणि 'अजून प्रयोगच चालू आहेत' हा रडका सूर

आडवा_वारा: काल इथे कुणीतरी टाकलं, "हंसा (एनएएल या सरकारी प्रयोगशाळेचं दोन आसनी शिकाऊ विमान) १९९३ पासून उडतंय आणि अजून प्रयोगच चालू आहेत. गुंडाळा, अमेरिकन सेस्ना घ्या." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. हंसा-३ला डीजीसीएचं, म्हणजे देशाच्या हवाई नियामकाचं, टाइप सर्टिफिकेट (विमानाच्या आराखड्याला मंजुरी) २००० सालीच मिळालंय. प्रायोगिक म्हणायचंच तर हंसाच्या नव्या आवृत्तीला, एनजीला म्हणा. तेही सप्टेंबर २०२१मध्ये उडालं, २०२२मध्ये पुदुच्चेरीत समुद्रसपाटीच्या चाचण्या झाल्या, कर्नाटकात चल्लकेरेला हवेत इंजिन बंद करून परत चालू करून दाखवलं. आता काय उलटं उडवून दाखवायचं?

दोन_मॅग्नेटो: सुटे भाग दाखवा. सर्टिफिकेटवर पोरांचे उड्डाणाचे तास भरत नाहीत. आमच्या फ्लाइंग क्लबात हंसासारखंच एक कंपोझिट (धातूऐवजी फायबरचं) विमान होतं, नाव घेत नाही. कायम हँगरमध्ये. सेस्ना म्हातारी, पण तिचा भाग लगेच मिळायचा. एनएएल ही प्रयोगशाळा आहे हो, विमानं ढिगाने बनवणारा कारखाना नव्हे. खरं दुखणं तिथे आहे.

जुना_इन्स्ट्रक्टर: दुखणं एनजीच्या ग्लास कॉकपिटमध्ये, म्हणजे गोल डायलऐवजी स्क्रीन असलेल्या कॉकपिटमध्ये आहे. पोरं बाहेर बघतच नाहीत. मी सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेरीत) स्क्रीनवर टोपी टाकतो आणि वेग विचारतो. नाक क्षितिजाच्या किती वर, इंजिनाचा आवाज कसा, काही पत्ता नसतो.

रनवे_२७: सर, पुढे एअरबसवर गोल डायल शोधत बसायचं का?

जुना_इन्स्ट्रक्टर: एअरबसच म्हणताय तर २००९चं एअर फ्रान्स ४४७ आठवा. अटलांटिकमध्ये आदळेपर्यंत स्टॉलमध्येच (पंखांची उचल गेलेली) होते, वैमानिकांनी ओळखलाच नाही. २२८ माणसं गेली.

रनवे_२७: त्यात पिटो, वेग मोजणारी नळी, गोठली होती! गोल डायललाही पिटोच लागते. उगाच मेलेल्यांना मध्ये आणू नका.

जुना_इन्स्ट्रक्टर: वा, पिटो दोन्हीकडे लागते हे कळलं म्हणायचं. म्हणूनच टोपी.

रनवे_२७: तुमच्या हाताखाली शिकलो नाही, सुटलो.

आडवा_वारा: अहो, धागा हंसाचा आहे! एनजीतलं रोटॅक्स ९१२ इंजिन सेस्नाच्या इंजिनापेक्षा कमी पितं. ही ९१२ मालिका गाडीच्या पेट्रोलवरही चालते. शिकाऊ पोराच्या तासाचा खर्च कशाने ठरतो? यावर बोला की कुणीतरी.

दोन_मॅग्नेटो: इंजिन उत्तम, मान्य. ऑस्ट्रियाचं आहे ना!