मदत हवी आहे: चारकोपच्या रो हाऊसला बाहेरून कुठला रंग द्यावा?

नमस्कार मंडळी,

रंगकामाचे जुने धागे चाळले पण एकतर आतल्या भिंतींचे नाहीतर टॉवरवाल्या सोसायट्यांचे निघाले, म्हणून नवीन काढतेय.

आमचं कांदिवली पश्चिमेला चारकोपला रो हाऊस आहे, ८०च्या दशकात जागतिक बँकेच्या योजनेत म्हाडाने वसवली ना त्यातलं. मूळचं बैठं, नंतर वर एक मजला चढवलेला. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं चिकटून, त्यामुळे रंगवायला हाताशी काय तर पुढची बाजू, मागची बाजू आणि गच्चीचा कठडा, बस. पुढची बाजू जेमतेम बारा-तेरा फूट रुंद आणि तोंड बरोब्बर पश्चिमेला, खाडीकडे. म्हणजे दुपारचं ऊन पण तिथेच आणि पावसाचा झोडपा पण तिथेच.

सध्याचा रंग कधीकाळी पीच होता म्हणे. आता छज्जाखाली काळे ओघळ आलेत, खिडकीच्या ग्रिलखाली गंजाचे तांबडे, जोत्यापासून वर दोनेक फूट चिखलाचे शिंतोडे आणि डाव्या कोपऱ्यात खार फुटून पोपडे निघालेत, बोट लावलं की पांढरी पूड हाताला येते. पुढून बघितलं की घरात कोणी राहत नसावं असं वाटतं, आणि आम्ही पाच जण राहतो.

आता खरी अडचण. सासऱ्यांना पिवळा हवाय, चांगला झणझणीत, "रिक्षावाल्याला सांगता आलं पाहिजे पिवळं घर म्हणून". लेकीला चारकोल ग्रे आणि काळं ग्रिल, तिच्या मोबाईलमध्ये असल्या घरांचे ढीगभर फोटो आहेत, सगळे बहुतेक जिथे पाऊसच पडत नाही अशा ठिकाणचे. मला स्वतःला ऑफव्हाइट आवडतो पण मुंबईत पांढरं म्हणजे दोन वर्षांत काय होतं ते दिसतंयच आजूबाजूला. सासूबाई म्हणतात तुमचं ठरलं की सांगा. नवरा म्हणतो कुठलाही द्या पण गणपतीच्या आत द्या. रंगारी म्हणतोय आत्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करतो, घासून दोन हात मारले की झालं.

आणि हो, डावीकडचं घर मेंदी कलरचं आहे वर केशरी पट्टे, उजवीकडच्यांनी पुढून पूर्ण कॉफी कलरच्या टाइल्स लावल्यात. ह्या दोघांच्या मध्ये आम्ही!

तर काय द्यावं? ग्रेने घर तापतं का खरंच? पिवळा उडतो का? आणि शेडकार्डवरून निवडायचं कसं, मला तर त्या टिकल्या सगळ्या सारख्याच दिसतात. आधी धन्यवाद.

*

ग्रे नको हो. सगळ्या नवीन टॉवरना तोच दिलाय, पावसाळ्यात आभाळ पण ग्रे, रस्ता पण ग्रे, घर पण ग्रे. बाकी जाणकार सांगतीलच.

*

रंगारी मेच्या शेवटी सुरू करतो म्हणाला ना, त्याला चहा पाजून परत पाठवा. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून आहे आणि वळीव त्याच्या आधीच दोन-तीनदा येऊन जातो, भिंत घासून उघडी पडली आणि पाऊस आला तर सगळं पाणी गिलाव्यात. गणपतीच्या आत तर विसराच, भर पावसात ओल्या भिंतीवर रंग मारला की फुगे येणार, पोपडे निघणार. बाहेरचं काम दिवाळीनंतर काढा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतला तरी भिंत आतून वाळायला वेळ लागतो, हात लावून कोरडी वाटली म्हणजे कोरडी झाली असं नाही.

*

(मी साइटवर बाहेरच्या रंगकामाचं बघतो, म्हणून जरा लांबण लागेल.)

ताई, वरच्यांशी सहमत, रंग दिवाळीनंतरच. पण रंगाआधी पाण्याचा बंदोबस्त करा, नाहीतर कुठलाही शेड घ्या दोन पावसात परत पीचच. तुम्ही लिहिलेले काळे ओघळ रंगामुळे नाहीयेत. छज्जावरचं पाणी पुढच्या कडेवरून खाली न पडता खालच्या बाजूने आत सरकतं आणि भिंतीवर उतरतं, तिथे धूळ आणि शेवाळ धरते. छज्जाच्या खालच्या कडेला एक खाच असायला हवी म्हणजे पाणी तिथे तुटून थेट खाली पडतं. जुन्या घरांत ती नसते किंवा दर रंगकामाला पुट्टी भरून भरून बुजलेली असते. गवंड्याकडून ती करून घ्या, छोटं काम आहे. ग्रिलखालचे तांबडे ओघळ ग्रिलचेच, ती खरवडून रेड ऑक्साइड मारल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. कोपऱ्यातला खार म्हणजे आतून ओल येतेय, बहुतेक गच्चीचा पाइप तिथून उतरत असेल, बघा. ते बंद होईपर्यंत तिथे रंग टिकणार नाही, महागातला महाग घेतला तरी.

आता शेड. दोन-तीन गोष्टी सरळ सांगतो.

पिवळा उडतो का, तर कुठला पिवळा त्यावर आहे. लिंबासारखा नाहीतर झेंडूसारखा भडक पिवळा बनतो तो बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांपासून, पश्चिमेच्या उन्हात त्यांचा दम लवकर निघतो, लाल आणि जांभळ्याचंही तेच. पण रामरज, गेरू, मातकट तपकिरी हे लोहाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे मुळात मातीच, ऊन त्यांचं फारसं काही वाकडं करत नाही. कोकणातली जुनी गेरूची घरं आठवा. तेव्हा सासऱ्यांना पिवळा द्या, फक्त रामरजेकडे झुकणारा द्या. रिक्षावाल्याला तो पिवळाच दिसतो.

चारकोल ग्रेने तापतं, हो. काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही म्हणून एक आकडा देतात, ० म्हणजे ठार काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा, भिंत किती उजेड परत फेकते ते. चारकोल दहाच्या आसपास किंवा खालीच. म्हणजे दुपारभर पश्चिमेचं ऊन पिऊन ती भिंत रात्री तुमच्या पुढच्या खोलीत सोडणार. शिवाय गडद रंगावर खार आणि पाण्याचे पांढरे डाग जास्त उठून दिसतात, ही गोष्ट फोटोवाले सांगत नाहीत. पन्नास ते सत्तरमधलं काहीतरी घ्या, मळ पण लपतो आणि तापत पण नाही.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर मेंदी आणि कॉफी दोन्ही उबदार, मातकट रंग आहेत. त्यांच्यामध्ये थंड ग्रे घातला तर ओळीत मधला दात पडल्यासारखं दिसेल. रामरजेचा फिका शेड किंवा गव्हाळ क्रीम दोघांनाही सांभाळून घेईल. खाली जोत्याला दोन फूट गडद तपकिरी, कारण शिंतोडे तिथेच उडणार आहेत, ते थांबवता येत नाहीत, लपवता येतात. छज्जा, खिडकीच्या चौकटी आणि कठड्याची वरची कड क्रीमपांढऱ्यात. संपलं. तीनच्या वर रंग नकोत, बारा फुटांच्या घराला चौथा रंग म्हणजे गोंधळ.

*

+१. आणि पुट्टी बाहेर कुठली वापरतोय ते डोळ्यांनी बघा, आतली वापरली तर पावसात फुगून भुगा होते, पीओपीचं तर नावच नको. बाहेर व्हाइट सिमेंटवाली चालते, तीही गरज असेल तिथेच.

*

गिरगावची खोताची वाडी बघून या एकदा ताई, लेकीला घेऊन जा. तिथली घरं चांगली रंगीत आहेत पण नीट बघितलं तर कळेल की भिंतीला एक रंग, लाकडाला एक, आणि गंमत सगळी दार, जिना, सज्जाच्या कठड्यात. वर ती गल्ली अरुंद, सावलीची, तिथे भडक रंग पण शांत वाटतो. तोच रंग चारकोपच्या उघड्या उन्हात अंगावर येईल. घाटकोपरची असल्फाची टेकडी मेट्रोतून मस्त दिसते ती अख्खी टेकडी रंगीत आहे म्हणून, त्यातलं एक घर उचलून तुमच्या ओळीत ठेवलं तर नाही दिसणार. मी असते तर भिंत शांत ठेवून दार एकदम गडद केलं असतं, मोरपंखी नाहीतर डाळिंबी. लेकीचंही समाधान, आणि कंटाळा आला तर एका रविवारी दार परत रंगवता येतं, भिंतीला परांची लागते.

*

धागाकर्ती: बापरे, किती पटापट उत्तरं! गच्चीचा पाइप खरंच त्याच कोपऱ्यातून उतरतो, आत्ता जाऊन बघितलं, क्लॅम्प सुटलाय आणि सांध्याला भेग आहे. नवरा गणपतीवरून थोडा फुगलाय पण ११ जून वाचून गप्प बसला. सासऱ्यांना रामरज म्हटल्यावर ते एकदम खूश, त्यांच्या गावच्या घराला तीच होती म्हणे, आता तेच सगळ्यांना समजावतायत. लेक मात्र दारावर अडून बसलीये, काळंच हवं. आणि शेड नक्की कुठला ते कसं ठरवू? रामरज म्हणून दुकानात मागितलं तर तो मुलगा माझ्याकडे बघत बसला.

*

(साइटवाला परत) दुकानात ऑकर म्हणा, काढून देईल. शेडकार्डच्या टिकलीवरून मात्र कधीही ठरवू नका. अख्ख्या भिंतीवर उन्हात तोच शेड टिकलीपेक्षा फिका आणि भडक दिसतो, म्हणून आवडलेल्यापेक्षा किंचित मळकट वाटणारा घ्या. मोबाईलच्या स्क्रीनवर तर बघूच नका.

तुमच्याकडे एक सोय आयती आहे. रंग नोव्हेंबरात होणार, पाऊस तोंडावर. दोन-तीन शेडचे छोटे डबे मिक्स करून घ्या, पुढच्या भिंतीचा एक कोरडा धड भाग घासून प्रायमर मारा आणि प्रत्येकी तीन बाय तीन फुटांचा चौकोन रंगवून ठेवा, दोन हात पूर्ण. लेकीचा ग्रे पण लावा त्यात, तिला वाटायला नको डावललं. हे मात्र ह्याच आठवड्यात, कोरडं ऊन आहे तोवर. मग चार महिने काही करायचं नाही. इथे एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, कुठला चौकोन काळवंडतो, कुठला तसाच राहतो ते ऑक्टोबरात सगळ्या घराला दिसेल, वाद घालायला कारणच उरणार नाही. सकाळी, भर दुपारी आणि रस्त्यावरचा दिवा लागल्यावर, तिन्ही वेळा बघा. सोडियमचा जुना पिवळा दिवा असेल तर रात्री सगळंच वेगळं दिसतं.

हिशोब पण देऊन टाकतो. पुढची-मागची बाजू आणि कठडा मिळून सहा-सातशे चौरस फूट धरा. बाहेरचा चांगला ॲक्रिलिक इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण ५०-६० चौरस फूट जातो, म्हणजे बारा-चौदा लिटर, दहाची बादली आणि चारचा डबा. अल्टिमा, वेदरकोट, वेदरशील्ड जे जवळ मिळेल ते, पण वरच्या दर्जाचं घ्या. खर्चाचा मोठा भाग मजुरी आणि परांचीचा असतो, तो स्वस्त रंगालाही तेवढाच. रंगात काटकसर करून हाती फार काही लागत नाही. आणि सोसायटीला एकदा विचारून घ्या, काही ठिकाणी पुढच्या रंगाबद्दल ठराव झालेले असतात, नंतर नोटीस नको.

*

धागाकर्ती: ही चौकोनांची आयडिया घरात एकमताने पास!! पहिल्यांदाच काहीतरी झालं एकमताने. सेक्रेटरींना विचारलं, ठराव वगैरे काही नाही, ते म्हणाले मेंदी कलर पास झाला तेव्हाच नियम संपला. शेवटचा प्रश्न, ग्रिलला काय? लेकीचं काळं दार धरलं तर ग्रिल पण काळीच करावी लागेल का?

*

काळं चालेल पण चकचकीत नको, मॅट किंवा सॅटिन घ्या, ग्लॉसवर खाडीच्या वाऱ्याची धूळ लगेच दिसते. मला विचाराल तर जोत्याचा तपकिरी आहे त्याच्याच जवळचा गडद कॉफी द्या, गंज आला तरी वर्षभर कोणाला कळत नाही. दाराबद्दल मी तुमच्या लेकीच्या बाजूने.

*

दार पश्चिमेला आहे ना? लाकडी असेल तर काळं करू नका, ऊन खाऊन फळ्या वाकतात आणि पावसाळ्यात फुगून कडी लागत नाही. लोखंडी सेफ्टी डोअर बाहेरून असेल तर ते खुशाल काळं करा, आतलं मोरपंखी. आणि ऑक्टोबरात चौकोनांचे फोटो इथे टाका!