भिशीचा बचत गट करायचाय (तुर्भे इंदिरानगर, नवी मुंबई): सुरुवात कशी करावी?

तुर्भे_इंदिरानगर

नमस्कार. आमच्या गल्लीत १२ बायकांची भिशी आहे. महिन्याला १,००० रुपये, चिठ्ठी निघेल तिला १२,०००. बहुतेकजणी एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांदा-लसूण निवडायला जातात, काही वाशी-सानपाड्याला घरकामाला, दोघी एमआयडीसीत पॅकिंगला. जूनमध्ये शाळेचा खर्च येतो आणि ज्यांची चिठ्ठी अजून लागलेली नसते त्यांना सावकाराचं दार गाठावं लागतं, शेकडा दहा रुपये महिना. चौघींवर मायक्रोफायनान्सचे हप्तेही आहेत. भिशी लगेच बंद करून गट काढायचा का? बचत किती, व्याज किती, बँकेत काय लागतं? वर्षाअखेर पैसे वाटायचे की नाही, यावर आत्ताच दोन तट पडलेत.

रोजकीर्द

ताई, भिशी मध्येच थांबवू नका. ज्यांची चिठ्ठी लागून गेली त्या बाकीच्यांच्या देणेकरी आहेत. आज थांबवलीत तर वसुलीवरून भांडण होईल आणि तेच भांडण गटात येईल. फेरी पुरी होऊ द्या, सोबत गटाची बचत २०० पासून सुरू करा. रक्कम सगळ्यात कमी कमाई असलेल्या बाईला झेपेल तीच ठेवायची. ५०० ठेवलेत तर पावसाळ्यात काम कमी झालं की तिचे दोन हप्ते चुकतात, दंड चढतो आणि ती यायचीच बंद होते.

सदस्य १० ते २० चालतात, १२ चांगला आकडा आहे. एका घरातून एकच बाई घ्या. बैठक पाण्याच्या वेळेला ठेवू नका. समाजमंदिर किंवा अंगणवाडीची खोली मागा, कुणा पुढाऱ्याचं कार्यालय नको, नाहीतर गट त्यांचाच म्हणून ओळखला जातो आणि निवडणुकीत फुटतो.

व्याज शेकडा २ रुपये महिना पुष्कळ झालं, पण ते घटत्या बाकीवर लावा. ५,००० कर्ज, १० हप्ते धरू. पहिल्या महिन्यात मुद्दल ५०० अधिक व्याज १००, असे ६००. दुसऱ्या महिन्यात बाकी ४,५००, म्हणून ५००+९०=५९०. शेवटचा हप्ता ५१०. दहा महिन्यांत एकूण व्याज ५५०. तेच मूळ रकमेवर सरसकट लावलं तर १,००० होतं आणि कर्ज घेणारीला ते कळतही नाही. सावकाराकडे याच ५,००० वर महिन्याला ५०० नुसतं व्याज जातं, मुद्दल जागच्या जागी राहतं. गटात जवळपास तेवढ्याच पैशांत मुद्दल फिटत जातं.

वह्या चार लागतात: हजेरी व इतिवृत्त, रोकडवही, बचत-कर्ज खातेवही आणि प्रत्येकीचं छोटं पासबुक. सगळ्यात जास्त घोळ पासबुकात होतो. पैसे दिले त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, तिच्या हातातल्या पासबुकात नोंद झाली पाहिजे. "घरी जाऊन लिहिते" म्हटलं की गेलंच. बैठक उठण्याआधी मागची शिल्लक अधिक आजची जमा वजा दिलेली कर्जं हा आकडा मोठ्याने वाचा आणि हातातली रोकड मोजून जुळवा. जमेल तेवढं कर्ज बैठकीतच वाटा, उरलेलं दुसऱ्या दिवशी बँकेत भरा आणि भरण्याची पावती रोकडवहीत त्याच पानावर चिकटवा. कोषाध्यक्षांच्या मोबाईलवर बचत मागवू नका. घरचे आणि गटाचे पैसे एकाच खात्यात मिसळले की प्रामाणिक बाईसुद्धा अडचणीत येते.

कर्ज गटाबाहेर कुणालाही देऊ नका. ती विनापरवाना सावकारी ठरू शकते, आणि बाहेरच्याकडून वसूल करायला तुमच्याकडे साधनही नसतं.

शाखेतला_माणूस

बँकेचं सांगतो. गटाच्या नावाने बचत खातं उघडायला लागतं ते एवढं: खातं उघडण्याचा ठराव (सगळ्यांच्या सह्या-अंगठे), नियमावली, सदस्यांची यादी, गटाचा शिक्का, आणि अध्यक्ष-सचिव-कोषाध्यक्ष या तिघींचे फोटो आणि केवायसी (ओळखीची-पत्त्याची कागदपत्रं). काउंटरवर बाराही जणींची कागदपत्रं मागितली तर नम्रपणे सांगा: खातं उघडताना पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. कर्जाच्या वेळी मात्र सगळ्यांची मागितली जाऊ शकते. आधार आणि बँकेतल्या नावातले फरक (माहेरचं नाव, आडनावाचं स्पेलिंग) आत्ताच दुरुस्त करून ठेवा.

ठरावात "तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने व्यवहार" असं स्पष्ट लिहा. "अध्यक्षांच्या सहीने" एवढंच लिहिलं असेल तर पुढे बदलायला फार त्रास होतो.

कर्ज साधारण सहा महिने गट नीट चालल्यावर मिळतं, जमा बचतीच्या एक ते चारपट. १२ जणींचे २०० धरले तर सहा महिन्यांत १४,४००, म्हणजे चारपट ५७,६००. बँक नुसती शिल्लक बघत नाही. हजेरी, आपसात कर्ज फिरलं का, परत आलं का, हे बघते. पैसे नुसते खात्यात पडून असतील तर गट कमजोर धरला जातो. कर्जाच्या वेळी सगळ्या सदस्यांनी आपसातल्या करारावर सही करायची असते. तिथे डोळे उघडे ठेवा. बाराजणींच्या नावावर उचललेलं कर्ज एकीनेच वापरायचं, असा प्रकार सर्रास होतो. कुणाला किती दिलं ते इतिवृत्तात नावानिशी आलंच पाहिजे.

दिघा_गणपतीपाडा

महापालिकेचंही बघा. समाज विकास विभागात गटाची नोंद करून ठेवा, प्रशिक्षण आणि विक्री-स्टॉलची माहिती तिथून कळते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात गटाला १०,००० रुपये फिरता निधी असायचा. तशा निधीवर डोळा ठेवून गट काढू नका. असे गट पैसे हाती पडले की विरतात.

मायक्रोफायनान्सच्या चौघींबद्दल. गटाच्या पैशातून आधी सावकार फेडा, मायक्रोफायनान्स नंतर. त्यांचं व्याज महिन्याच्या हिशोबाने बहुतेकदा तुमच्या शेकडा २ च्या आसपासच असतं, ते बदलून हाती काही लागत नाही. सावकाराचं शेकडा १० आहे, खरी गळती तिथे आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो आणि शेती नसलेल्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे. मात्र तक्रारीआधी बाईची सुरक्षितता बघा, एकटीला पुढे करू नका.

मायक्रोफायनान्सवाल्यांना सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये. २०,००० च्या घरात १०,००० ची हद्द. दाद मिळाली नाही तर १४४४८ वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार कशी करायची ते मराठीतही विचारता येतं. आणि एकीचा हप्ता चुकला म्हणून वसुलीवाला "तुमच्या गटातून भरा" म्हणाला तर साफ नाही म्हणा. गटाचं खातं त्यांच्यासाठी नाही.

तुर्भे_इंदिरानगर

खूप खूप आभार. वाटपाचं मात्र राहिलं. दिवाळीला पैसे हवेतच, असं निम्म्याजणींचं म्हणणं आहे. आणि भाड्याने राहणाऱ्या तिघी आहेत, त्या सोडून गेल्या तर?

रोजकीर्द

मुद्दल वाटू नका. वाटलंत की कर्ज द्यायला काही उरत नाही आणि बँक ज्या बचतीवर कर्ज मोजते ती शून्यावर येते. फार तर वर्षाच्या व्याजातला वाटा द्या.

शाखेतला_माणूस

मी थोडं वेगळं सांगेन. दिवाळीची गरज खरी आहे, ती नाकारली तर बायका परत भिशीकडेच जातील. वेगळी दिवाळी-बचत ठेवा: महिना १००, खातेवहीत स्वतंत्र रकाना, तिच्यातून कर्ज द्यायचं नाही. वर्षाला प्रत्येकीला १,२०० मिळतील. गटाच्या २०० ला हात लावायचा नाही.

भाडेकरूंना जरूर घ्या. पहिलं वर्षभर त्यांना कर्ज त्यांच्या स्वतःच्या बचतीइतकंच द्यायचं. सोडताना महिनाभर आधी सांगायचं, मग बचतीतून कर्जबाकी वजा करून उरलेली रक्कम चेकने द्यायची. व्याजाचा वाटा द्यायचा की नाही ते आजच नियमावलीत लिहा. कोण जाणार हे माहीत नसताना तो नियम सगळ्यांना मान्य होतो.