वॉल बेड घ्यावा का? आणि रोज उचलणार कोण?

एकखोलीवाला: खोली १० बाय ११ फूट. दिवसा माझं ऑफिस, रात्री दोघांची झोपायची खोली. पलंगानेच अर्धी खोली खाल्लीये म्हणून भिंतीत दुमडणारा वॉल बेड घ्यावा असं डोक्यात आलंय. बंद केल्यावर दीड फूट खोल कपाटासारखा दिसतो म्हणे. वापरलाय का कोणी?

गादीवरचा_संत: घेऊ नका. आमच्याकडे होता, पहिला महिना हौसेने उचलला, दुसऱ्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी राहू दे म्हणून, आणि तिसऱ्यात तो कायमचा खालीच. नुसता पलंग उचलायचा नसतो हो, आधी खुर्ची सरकवा, टेबलाची वायर काढा, उशा आणि जाड पांघरूण कुठेतरी कोंबा, आणि मग पलंग. ते कुठेतरी म्हणजे नेमकं कुठे ते आधी ठरवा.

रोज_उचलणारी: संतमहाराज, दोष आळसाचा आणि शिक्षा पलंगाला? चार वर्षं रोज उचलतेय, अर्धं मिनिट लागत नाही. चादर-पांघरुणासकट गादीला दोन पट्टे लावायचे आणि वर. उशांना बाजूच्या कपाटात एक खण ठेवलाय. गंमत पंपात आहे. गॅस पंप म्हणजे पलंगाचं वजन तोलून वर ढकलणारे बाजूचे दांडे, ते गादीच्या वजनाला जुळवलेले असतात. आम्ही मध्ये जाड जड गादी आणली तर पलंग धाडकन खाली यायला लागला आणि वर जाईना, शिवाय बंद केल्यावर फळी नीट बसेना. त्याआधीची हलकी होती तेव्हा उलटं, सकाळी मी उठले की पायाकडची बाजू हळूच वर यायची आणि नवरा ओरडायचा! आधी गादी पक्की करा, मग पंप.

ड्रिलवाला: सगळे गादीवरच बोलताय, भिंतीचं काय? पलंग उघडला की सगळा सांगाडा पुढे झुकायला बघतो, त्याला मागे धरून ठेवतात ते भिंतीतले बोल्ट. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर ठीक. जिप्समचं पार्टिशन असेल तर नुसत्या बोर्डात स्क्रू मारून भागत नाही, आतली फ्रेम शोधून तिच्यात बसवावं लागतं. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा. आणि 'मर्फी बेड' नाव बघून भुलू नका, अमेरिकेतल्या कोर्टाने १९८९ मध्येच ठरवलंय की हे या प्रकारच्या पलंगाचं सर्वसाधारण नाव झालंय, एका कंपनीचं नाही. बिजागऱ्या बघा, पंप बदलून मिळतात का ते विचारा.

गादीवरचा_संत: @रोज_उचलणारी आळस म्हणा काही म्हणा, रात्री साडेअकराला काम संपल्यावर टेबल आवरून मग झोपायचं हे ज्याला जमतं त्यानेच घ्यावा. पाहुण्यांच्या खोलीसाठी मात्र उत्तम, तिथे तो महिनोन्‌महिने बंद असतो. रोजच्या झोपेला नको, यावर मी ठाम.

रोज_उचलणारी: मग पाहुण्यांपुरतं एवढं सुतारकाम कशाला, सोफा-कम-बेड आणा की! रोज वापरलं तरच पैसे वसूल. @एकखोलीवाला, जमिनीवर चिकटपट्टीने पाच बाय साडेसहा फुटांची चौकट आखा आणि दारं, खण सगळं उघडून बघा.

एकखोलीवाला: चार दिवसांनी लिहितोय. पट्टी लावली. कपाटाचं दार चौकटीच्या आत येतंय, म्हणजे पलंग खाली असताना कपडे काढता येणार नाहीत. पलंग बाहेर ठेवून जमिनीवर गादी टाकून झोपलो, रोज सकाळी उचलायची असं ठरवून. चारपैकी दोनदा तशीच राहिली, बायकोने मोजलंय. आता आडवा दुमडणारा, म्हणजे लांब बाजू भिंतीला लागून असलेला बघतोय, तो पाचच फूट पुढे येतो, कपाटाचं दार सुटतं.

ड्रिलवाला: आडव्यात एकजण कायम भिंतीकडे अडकणार. रात्री पाणी प्यायला कोण उठतं तेही मोजा म्हणावं वहिनींना.