'आई' हे विशेषनाम की सामान्यनाम?

चौथीतलीची_आई
मंडळी, मदत हवीय. लेकीच्या इंग्रजीच्या वहीत दोन लाल गोल आलेत. «आय आस्क्ड माय मॉम» मध्ये तिने एम मोठा काढला, तो चूक. दोन ओळी खाली «आय आस्क्ड मॉम» मध्ये छोटा काढला, तोही चूक. ती विचारते, आई, तू तर एकच आहेस ना, मग? आता आपल्याकडे मोठं अक्षर छोटं अक्षर असला प्रकारच नाही, तर मराठीतून कसं सांगू? 'आई' हे विशेषनाम कधी आणि सामान्यनाम कधी?

फोडणीचा_भात
सोपंय. मॉम काढा आणि तिथे स्वतःचं नाव घाला. समजा सुनीता. «आय आस्क्ड सुनीता» चालतं, म्हणजे मॉम तिथे नाव म्हणून आलंय, मोठा एम. «माय सुनीता» चालत नाही, म्हणजे छोटा. डॅड, अंकल, ग्रँडमा, सगळ्यांना हेच.

चौथीतलीची_आई
हेच सांगितलं हो. ती म्हणाली, 'आमची सुनीता' असं आजी दिवसातून दहा वेळा म्हणते की.

फोडणीचा_भात
बरोबर आहे तिचं. आमची सुमी, आमचा बंड्या, आपण नावाआधी 'आमचा' लावल्याशिवाय बोलतच नाही. नियम मागे घेतो.

पंतोजी_निवृत्त
मराठीत मोठं अक्षर नसलं तरी भाषेला हा फरक कळतो, असं मला फार वर्षांपासून वाटतं. शेवटी आ असलेले पुल्लिंगी शब्द घ्या. घोडा घोड्याला, आंबा आंब्याला. नात्यातही नवरा नवऱ्याला, सासरा सासऱ्याला, मेहुणा मेहुण्याला, भाचा भाच्याला. पण काका काकाला, मामा मामाला, दादा दादाला. काक्याला कोणी म्हणत नाही. का? कारण काका, मामा, दादा अशी आपण माणसाला हाक मारतो, ती त्याची नावंच होऊन बसलीत, आणि दत्ताचं दत्ताला, खंडोबाचं खंडोबाला होतं तसंच त्यांचं होतं. मेहुण्याला 'ए मेहुणा' म्हणून कोण हाक मारतं? आणि गंमत बघा, चुलता आणि काका माणूस एकच, पण चुलत्याला आणि काकाला. वाटणीच्या कागदात चुलता, जेवायला बोलावताना काका. जिथे 'या' लागत नाही तिथे मनातल्या मनात पहिली लिपी समजायची.

अजिंक्यतारा
सर, छान आहे पण टिकत नाही. आम्ही साताऱ्याला जातो. पन्हाळ्याला, लोणावळ्याला, आग्र्याहून सुटका. ही विशेषनामं नाहीत का? आणि राजाला? राजा कोणाला हाक मारायला जातो आपण?

पंतोजी_निवृत्त
गावांचं वेगळं, मी माणसांबद्दल बोलतोय. राजा, नेता, पिता हे संस्कृतातून आलेले, त्यांना सवलत.

अजिंक्यतारा
म्हणजे जे बसत नाही त्याला सवलत :) आमच्याकडे आजोबाला आजा म्हणतात, हाकही तीच, आणि आज्याला असंच म्हणतात. बाकी हल्ली लोक 'साताराला' म्हणतात ते ऐकून कानात खडा गेल्यासारखं होतं.

नुसताच_वाचक
एक मिनिट, पहिली लिपी?? हा शब्द किती वर्षांनी ऐकला! आम्हाला पाचवीला इंग्रजी, पहिली लिपी दुसरी लिपी तिसरी चौथी, चार रेघी वही. २००० पासून पहिलीतच इंग्रजी आलं आणि हे शब्द बहुतेक गेले. कॅपिटलला इतका चांगला मराठी शब्द असताना आपण कॅपिटल का म्हणतो?

फोडणीचा_भात
कारण कळतं म्हणून. 'पहिल्या लिपीतला एम' म्हणालो तर मुलगी विचारेल दुसरी कुठाय. शिवाय लिपी एकच आहे, रोमन. अक्षरांच्या आकाराला लिपी म्हणणं चूकच होतं.

नुसताच_वाचक
चूक कसं, लाखो पोरं शिकली त्यावर.

गोदाकाठ
मोठ्या अक्षराची उणीव मला तरी रोज जाणवते. 'काका ठाण्यात आहेत.' घरात कालवा. शहरात की पोलिसांकडे? आणि आम्हा नाशिककरांची गंगा! गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, गंगेवर जाऊन येतो, गंगापूर धरण गोदावरीवर, खाली परभणीत गंगाखेडही गोदावरीवरच. मग पैनगंगा, वैनगंगा, पंचगंगा, पाताळगंगा. सांगा, गंगा हे विशेषनाम की नदीला सामान्यनाम?

पंतोजी_निवृत्त
एकीचं नाव सगळ्यांना दिलं की सामान्यनाम. तीन पाटील, दोन नारद तसं.

गोदाकाठ
अहो पण आम्ही 'एक गंगा' म्हणून नाही म्हणत, 'ती' गंगाच म्हणतो!

अजिंक्यतारा
उलट उदाहरण देतो, देश. देशात म्हणजे भारतात, देशावर म्हणजे घाटमाथ्याच्या वर. नुसता प्रत्यय बदलला की सामान्यनामाचं विशेषनाम. मोठ्या अक्षराची गरजच काय? जुन्या कागदात गावाआधी 'मौजे' असतं, खरेदीखतात अजून असतं, ते मोठं अक्षरच की. लग्नपत्रिकेतलं चि., श्री. पण तेच. मोडीत तर शब्दसुद्धा तोडत नसत, आधी आडवी रेघ ओढायची आणि अक्षरं लटकवत जायची, तरी कुठलं गाव आणि कुठला पाटील हे बरोबर कळायचं.

नुसताच_वाचक
आणि पेपरवाल्यांचं 'काळे यांनी'. हे शेपटीला लावलेलं मोठं अक्षर.

पंतोजी_निवृत्त
ते मला अजिबात मान्य नाही. काळ्यांनी, फडक्यांनी, गोऱ्यांनी हीच मराठी. 'काळेंनी' तर त्याहून वाईट.

फोडणीचा_भात
सर, माझी आजी दर संक्रांतीला 'गोऱ्यांकडे हळदीकुंकू आहे' म्हणून शालू नेसून निघायची. मला सहा सात वर्षं वाटत होतं की ती साहेब लोकांकडे जाते. मडमा कुंकू लावून घेतात याचं केवढं कौतुक होतं मला. 'गोरेंकडे' म्हणाली असती तर कळलं असतं.

पंतोजी_निवृत्त
तर ती मजाही गेली असती.

चौथीतलीची_आई
सगळ्यांचे आभार, पण वही उद्या द्यायचीय. काका, चुलता सगळं तिला सांगितलं, खूप आवडलं, मग म्हणाली आईचं काय? आईला तर दोन्हीकडे आईलाच होतं.

पंतोजी_निवृत्त
हो, स्त्रीलिंगात माझा नियम चालत नाही.

गोदाकाठ
पण गंगेचं कोणीच नीट उत्तर दिलं नाही.