शिलिंगवरचे गुलाब आणि तुरे: ही कुठल्या खाण कंपनीची खूण?

नाणेवेडा

मंडळी, मामांच्या संग्रहातली थोडी नाणी माझ्याकडे आली आहेत. त्यांत इंग्लंडच्या पहिल्या जॉर्जचं १७१८ सालचं चांदीचं शिलिंग आहे. मागच्या बाजूला चार ढाली क्रूसासारख्या मांडल्यात आणि ढालींमधल्या कोपऱ्यांत एकाआड एक गुलाब आणि पिसांचा तुरा. मामांनी पाकिटावर पेन्सिलीनं एवढंच लिहून ठेवलंय: "क्वेकर. शिसे कंपनी." चांदीच्या नाण्याचा शिशाशी काय संबंध? आणि क्वेकर म्हटलं की मला फक्त ओट्सचा डबा आठवतो. जाणकारांनी उजेड पाडावा.

खडकफोड्या

तुमचे मामा पक्के होते. ही लंडन लेड कंपनीची खूण. हे तिचं बोलीतलं नाव. सनदेवरचं नाव मारुतीच्या शेपटासारखं, त्याचा अर्थ साधारण 'दगडी कोळशावर शिसे गाळणारे गव्हर्नर आणि त्यांची कंपनी'. सनद १६९२ची, विल्यम आणि मेरीच्या काळातली.

खरी गोम त्या नावातच आहे. शिसं गाळायला पूर्वी लाकूडफाटा लागायचा आणि तो महाग होत चालला होता. दगडी कोळसा स्वस्त, पण त्यातलं गंधक धातूत उतरून माल बिघडतो. मग भट्टीच बदलली. जाळ एका कप्प्यात, धातुक (खाणीतलं कच्चं खनिज) दुसऱ्यात, मध्ये बुटकी भिंत, वर कमानीचं छत. ज्वाळा छताला थडकून खाली वाकते आणि धातुक भाजते, कोळसा त्याला शिवतसुद्धा नाही. एडवर्ड राइट नावाचा एक डॉक्टर यात पुढे होता. डॉक्टरला भट्टीचा नाद कुठून लागला, देव जाणे.

आता चांदी. गॅलेना, म्हणजे शिशाचं चकचकीत खनिज, त्यात थोडीफार चांदी असते आणि गाळल्यावर ती शिशातच राहते. असं शिसं हाडांच्या राखेच्या उथळ पात्रात लाल होईस्तोवर तापवायचं आणि वरून भात्यानं वारा घालायचा. शिशाचं मुर्दाडशिंग (हवेशी संयोग होऊन बनलेलं शिशाचं ऑक्साइड) होतं, ते वाऱ्यानं कडेला सरत वाहून जातं. शेवटी पात्रात चांदीची चकती उरते. वेल्समध्ये फ्लिंटशरला गॅडलिस इथे कंपनीचं हे काम चालायचं. चांदी जायची लंडनच्या टांकसाळीत आणि तिच्या नाण्यांवर ही खूण उमटायची. तुरा वेल्सच्या खाणींचा, गुलाब पश्चिम इंग्लंडच्या. तुमचं शिलिंग पाडलं तेव्हा टांकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. हो, तोच!

क्वेकर हा ख्रिस्ती पंथ. ही माणसं शपथ घेत नसत, म्हणून विद्यापीठं आणि सरकारी पदं त्यांना बंद. मग हुशार माणसं व्यापारात शिरली. कंपनीची सूत्रं त्यांच्या हाती गेली आणि लोक तिला क्वेकर कंपनीच म्हणू लागले.

पुढे कंपनीचा मुक्काम उत्तर इंग्लंडात, आल्स्टन मूरला. तिथली जमीन डर्वेंटवॉटरच्या अर्लची. १७१५च्या जॅकोबाइट बंडात (गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्याला परत आणण्यासाठीच्या उठावात) तो पकडला गेला, १७१६ साली त्याचं डोकं उडवलं. जप्त केलेली जहागीर १७३५ साली ग्रिनिच हॉस्पिटलला, म्हणजे म्हाताऱ्या नौसैनिकांच्या आश्रमाला मिळाली. म्हणजे बंडखोराचा डोंगर, मालक खलाशांचा आश्रम आणि भाडेकरू युद्धाला पाप मानणारे क्वेकर. असा त्रिकोण जुळवून आणू म्हटलं तरी जुळणार नाही.

कामानिमित्त न्यूकॅसलला होतो तेव्हा आल्स्टन मूरमधल्या नेंटहेडला जाऊन आलो. कंपनीनं वसवलेलं गाव, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून उंच. घरं, शाळा, वाचनालय सगळं कंपनीचं. खाणीत शिरायची वाट घोड्याच्या मापाची: दगडी कमान, मी पूर्ण वाकलेला, पाणी घोट्याच्या वर आणि ऑगस्ट असून पाय बधिर. बाहेर राखाडी मातीचे ढिगारे. इतकी वर्षं झाली तरी त्यांवर धड गवत नाही. मात्र शिसं पचवणारी बारीक पिवळी पॅन्सी तिथे मजेत फुलते.

उंटावरचा शहाणा

माहितीबद्दल आभार, पण या कंपनीचं कौतुक जरा जास्त होतं असं माझं मत. शाळा बांधली, वाचनालय दिलं, सगळं खरं. पण मजुरी कशी द्यायचे तेही लिहा की.

खडकफोड्या

लिहितो, टोचणी रास्त आहे.

पगार नव्हताच. चार-सहा जणांची टोळी दर तीन महिन्यांनी कंपनीच्या कारभाऱ्याशी बोली करायची: या शिरेतलं (खडकातल्या खनिजाच्या पट्ट्यातलं) धातुक इतक्या शिलिंगला एक 'बिंग'. बिंग म्हणजे आठ हंड्रेडवेट, सुमारे ४०६ किलो साफ केलेलं धातुक. शीर रुंद लागली तर चंगळ, पुढे नुसता दगड लागला तर तीन महिन्यांची मेहनत पाण्यात. पोटापुरती उचल महिन्याला मिळायची, खरा हिशोब वर्षाअखेर. मेणबत्त्या आणि दारू (सुरुंगाची हो!) टोळीच्याच खात्यावर. उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. दैवाचा सगळा भार मजुरावर आणि खातेवही कंपनीकडे.

घर लांब असलेले लोक आठवडाभर खाणीशेजारच्या खोलीत राहायचे. ओले कपडे, एका बिछान्यात दोघं-तिघं, झरोका नाही. खाणींच्या चौकशीसाठी नेमलेल्या किनेर्ड आयोगानं १८६४ साली या खोल्यांचं वर्णन केलं आहे, जेवायच्या आधी वाचू नये. धूळ आणि सुरुंगाच्या धुरानं छाती जायची, चाळिशीतच माणूस थकायचा.

तरी शेजारच्या खाणमालकांशी तुलना केली तर कंपनी बरी होती, हे मी मागे घेणार नाही. आणि दयेमागे हिशोबही होता. शिकलेली, दारूपासून लांब राहणारी पोरं त्याच खाणीत उतरणार होती.

अवांतर: भट्टीचा धूर डोंगराच्या कुशीतून लांबलचक भुयारी धुराड्यानं वर नेत. आत भिंतींवर शिशाची काजळी साचायची, ती माणसं आत घालून खरवडून पुन्हा गाळत. धूरसुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही. त्या खरवडणाऱ्यांच्या फुप्फुसात किती राहिलं, त्याची वही कुणी ठेवली नाही.

उंटावरचा शहाणा

आता पटलं. कंपनी बुडाली कशी?

खडकफोड्या

बुडाली नाही, आवरती घेतली. १८७०च्या दशकाच्या शेवटी स्पेन वगैरेंकडून स्वस्त शिसं आलं, भाव कोसळले. १८८२ साली नेंटहेड सोडलं. १८९६ साली तिथे बेल्जियमची व्हिएइ मोंतान्य ही कंपनी आली, ती जस्तासाठी. जे जस्ताचं खनिज पूर्वी कचरा म्हणून फेकलं जायचं, तेच! लंडन लेड कंपनीनं १९०५ साली गाशा गुंडाळला. गावात १८७७चं ओतीव लोखंडाचं कारंजं उभं आहे, कंपनीचे अधीक्षक बेनब्रिज यांच्या निवृत्तीच्या वर्गणीतलं. जोडीचं दुसरं टीसडेल खोऱ्यातल्या मिडलटन गावात.

नाणेवेडा, शिलिंग घासून चकचकीत करू नका म्हणजे झालं.

नाणेवेडा

उशीर झाला. काल लिंबू लावलं. गुलाब छान दिसतोय, तुरा जरा पुसट झालाय.