अवयवदानाची नोंदणी केली होती, आता नाव मागे घ्यायचंय. काय करू?

मुक्ता_ठाणे:
सहा वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणपतीत शिबिर होतं, तिथे मी अर्ज भरला. कार्ड अजून पर्समध्ये आहे. यंदा मार्चमध्ये धाकटा भाऊ अपघातानंतर नऊ दिवस आयसीयूत होता. डॉक्टरांनी बाजूच्या खोलीत बोलावून "ब्रेन डेड", म्हणजे मेंदू कायमचा बंद झालाय, असं सांगितलं आणि आम्ही नीट बसायच्या आतच अवयवदानाचं विचारलं. त्याची छाती वरखाली होत होती, हात गरम होता. आई म्हणाली, "माझ्या लेकाला हात लावू नका." आम्ही नकार दिला. तेव्हापासून कार्ड दिसलं की पोटात गोळा येतो. आईवर तो प्रश्न माझ्यामुळे पुन्हा येऊ नये एवढंच वाटतं. नाव काढता येतं का? दानाचं महत्त्व कृपया सांगू नका, ते मला पटलेलंच आहे.

आनंद_नागपूर:
ताई, भावाबद्दल फार वाईट वाटलं. नाव काढता येतं, कारणही द्यावं लागत नाही. आधारवरून 'नोट्टो'च्या (अवयवदानाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) साइटवर नोंदणी केली असेल, तर तिथेच लॉगिन करून प्रतिज्ञा मागे घेता येते. शिबिरातला कागदी अर्ज असेल तर कार्डावर ज्या संस्थेचं नाव आहे तिला लेखी कळवा, प्रत जवळ ठेवा. अडलं तर नोट्टोची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८०० ११ ४७७०. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यातही दात्याने नंतर संमती मागे घेतल्याची शक्यता धरलेली आहे.

सरोज_काकू:
मुक्ता, मी बरीच वर्षं आयसीयूत नर्स होते. तुम्हाला सावरायला वेळ न देता विचारलं, ते चूकच झालं. ब्रेन डेथ ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ असतं, प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी त्यात कुणी नसतो. तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तास जावे लागतात. हे सगळं आधी समजावून मगच दानाचा विषय काढायचा असतो.

पण एक गोष्ट आनंदने सांगितली नाही. नाव काढलंस तरी तो प्रश्न टळत नाही. त्या कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असो वा नसो, नातेवाइकांना विचारावंच लागतं. आणि कार्ड असलं तरी आपल्याकडे घरच्यांच्या सहीशिवाय कुणी पुढे जात नाही. तेव्हा तुझी इच्छा काय ते घरात माहीत असणं महत्त्वाचं. लग्न झालंय का? मग सही नवराही करू शकतो, आईला त्या खोलीत बसावं लागणार नाही.

मुक्ता_ठाणे:
काकू, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी समजत होते, कार्ड फाडलं की संपलं. हो, नवरा आहे. त्याच्याशी यावर कधीच बोलले नाही.

रवी_मिरज:
फक्त नेत्रदान ठेवलंत तर? त्याला ब्रेन डेथ लागत नाही. हृदय थांबल्यावर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक घरी येऊन करतात. आमच्या आजीचं घरीच केलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असूनही चाललं. चेहरा तसाच राहिला, नंतर आईने तिला नेहमीसारखं कुंकू लावलं.

मुक्ता_ठाणे:
डोळ्यांचं मला चालेल. आज रात्री नवऱ्याला सांगते. आईशी भावाच्या वर्षश्राद्धानंतर बोलेन. बाकी अवयवांसाठीचं नाव तूर्त काढतेय.

सरोज_काकू:
काढ. पुढे वाटलं तर पुन्हा नोंदव.