अभिजात जपानी कथांमधली स्त्री: सोसणारी की वाट काढणारी?

प्रश्न
‘गेन्जी मोनोगातारी’ या अकराव्या शतकातल्या कादंबरीपासून विसाव्या शतकापर्यंतच्या जपानी कथा-कादंबऱ्यांत बायका बहुतेक वेळा गप्प राहून सोसतानाच दिसतात. नुसतं जुळवून घेणं आणि जुळवून घेता घेता आपलं काही साधणं, यातला फरक वाचताना कसा ओळखायचा? आणि सुरुवात कुठून करावी?

पानगळ
बंड शोधत वाचलंत तर हाती काही लागणार नाही. पैसा कोणाच्या हातात, मूल कोणाचं, घराबाहेर पडायची वाट कुठली, हे तीन प्रश्न प्रत्येक नायिकेला लावा.

फुमिको एन्चीची ‘ओन्नाझाका’ ही कादंबरी घ्या. मेइजी काळातला (१८६८–१९१२) एक बडा अधिकारी स्वतःसाठी रखेल निवडून आणायला चक्क बायकोलाच, तोमोला, तोक्योला पाठवतो. ती पंधरा वर्षांची सुगा घेऊन येते. वरवर ही निव्वळ शरणागती. पण या कामासाठी मिळालेल्या पैशांतले उरलेले ती नवऱ्याला परत देत नाही, गुपचूप बाजूला ठेवते. पुढे घरभाड्याचे, जमिनीचे व्यवहारही तीच बघते. आणि मरणाच्या दारात निरोप धाडते: अंत्यविधी नको, प्रेत शिनागावाच्या समुद्रात टाकून द्या. तो निरोप वाचून पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे वळा. तिथला तिचा होकार वेगळाच ऐकू येतो.

शाईदौत
वरच्याशी सहमत, पण काळांची सरमिसळ करू नका. जितकं जुनं तितका जाच जास्त, हे गृहीतक इथे साफ चुकतं. हेइआन काळात (७९४–११८५) उमरावांमध्ये नवरा बायकोच्या घरी येई आणि मुलींना वारसा मिळे. उलट १८९८ च्या नागरी कायद्याने विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढायची किंवा जमीन घ्यायची-विकायची सोय ठेवली नाही. अर्थात हेइआन स्त्रीच्या मागे वडील नसले की सगळंच ढासळे. ‘गेन्जी’तल्या सुएत्सुमुहाना या पोरक्या राजकन्येचं पडकं घर आठवा.

‘गेन्जी’त सुटकेची वाट म्हणजे संन्यास. मुरासाकी (नायिका; त्याच नावाची लेखिका नव्हे, इथे नेहमी गोंधळ होतो) संन्यासाची परवानगी मागते, तिचा नवरा आणि कथेचा नायक गेन्जी देत नाही. शेवटच्या प्रकरणांतली नायिका उकिफुने मात्र जीव द्यायला निघते, वाचते, ओनो गावी केस कापून संन्यासिनी होते. शेवटच्या, ५४व्या प्रकरणात तिच्या प्रियकराचं, काओरूचं, पत्र घेऊन आलेल्या धाकट्या भावालाही ती उत्तराविना परत पाठवते. एवढ्या मोठ्या ग्रंथाचा शेवट एका बाईच्या नकारावर व्हावा, हे मला विलक्षण वाटतं.

इंग्रजीतून वाचणार असाल तर आर्थर वेलीच्या भाषांतरात ३८वं प्रकरण गाळलेलं आहे, हे ध्यानात ठेवा.

काठावरची
सुरुवात इचियो हिगुचीच्या ‘जूसान्या’ (१८९५) या कथेपासून करा. एका बैठकीत होते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्याच दशकातली, त्यामुळे आपल्याला ते घर ओळखीचं वाटतं. कथेची नायिका ओसेकी काडीमोड मागायला माहेरी येते आणि दाराबाहेरच थबकते, कारण आत आईवडील आनंदात बोलत असतात. भावाची नोकरी तिच्या नवऱ्याच्या कृपेने, मुलगा सासरचा. वडील सांगतात, रडायचंच तर त्याची बायको राहून रड. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्या विरोधात जातात.

पण कथा तिथे संपत नाही. परतीच्या वाटेवर रिक्षा ओढणारा मध्येच थांबतो, आणि तो तिचा बालपणीचा सोबती निघतो. ओसेकी कागदात गुंडाळून थोडे पैसे त्याच्या हातात ठेवते. तो पूर्वेला जातो, ती दक्षिणेला. ती पुडी कशासाठी, ते वाचून इथे लिहा.